खिशातला आवाज

काइट क्रीक वस्तीच्या दुकानात पावासाठी रांग लागलेली असताना मेलेला माणूस बोलला.

बोलला तो कुणाच्या तरी खिशातल्या फोनमधून. आवाज अगदी त्याचाच, घोगरा, हसू गालात दाबून ठेवल्यासारखा. "रस्ता बंद आहे, बाबांनो. घरी बसा, चहा प्या, बायकोचं ऐका." एवढंच. फोनवाला गडी पलीकडच्या वस्तीवरून शोकाला आलेला. परत जायचा रस्ता उघडा आहे का, एवढंच त्या बिचाऱ्याला बघायचं होतं. त्यानं फोन झटकन मुठीत दाबून धरला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. रांगेतली माणसं जागच्या जागी थिजली. दारातली कुत्री तेवढी हलली; ओळखीचा आवाज आला म्हणून शेपट्या हलवायला लागली. मग गेलेल्याची आत्या दुकानाच्या फरशीवर मटकन बसली आणि तिनं हंबरडा फोडला.

एनिड रांगेत मागे उभी होती, हातात दुधाच्या पावडरचा डबा घेऊन. तिनं मान खाली घातली. सगळे आपल्याकडंच बघताहेत, हे तिला वर न बघताही कळलं. तो आवाज त्या फोनात शिरला होता तो तिच्याच हातानं.

आदल्या दिवशी शहरातल्या इस्पितळातून निरोप आला होता. मूत्रपिंडं आधीच गेलेली, आता काळीजही थांबलं. निरोप आल्या क्षणापासून त्याचं नाव संपलं. आता त्याला कुमंजाय म्हणायचं. ज्या कुणाचं नाव गेलेल्या माणसासारखं असेल, त्यालाही कुमंजायच म्हणायचं, आणि घरचे लोक सोडवतील तोवर ते नाव कुणाच्या तोंडी येऊ द्यायचं नाही. या गोष्टीतही ते येणार नाही. दुकानातल्या भिंतीवर फुटबॉलच्या संघाचे फोटो होते, त्यातल्या त्याच्या चेहऱ्यावर सकाळीच कुणीतरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. घर रिकामं करून झाडलं होतं, ओल्या पाल्याचा धूर दिला होता. सगळं रीतीप्रमाणं झालं होतं. फोनाचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एनिड मूळची या वाळवंटातली नव्हे. उत्तरेकडून, नदीच्या मुलखातून लग्न होऊन आली. नवरा पुढं डार्विनला निघून गेला आणि तिकडंच राहिला. ती मात्र इथंच रुजली. इथल्या लोकांनी तिला आपल्या नात्याच्या जाळ्यात एका जागी बसवून टाकलं, तशी ती कुमंजायची बहीण झाली. रक्ताची नव्हे, पण बहीण ती बहीण. रेंजरांच्या कचेरीत ती कामाला लागली तेव्हा कुमंजाय तिथला मुख्य होता. गवत पेटवून रान राखायचं, रानमांजरं धरायची, पाणवठे उकरून साफ ठेवायचे, हे त्यांचं काम. रान त्याला तळहातासारखं पाठ होतं. अक्षरांशी मात्र त्याचं कधी जमलं नाही.

शहरातल्या कचेरीनं एकदा सगळ्या वस्त्यांसाठी एक चॅटचं ॲप पाठवलं. रस्ता, पाणी, वणवा, सगळ्याची खबर त्यावर लिहायची. कुणी लिहीना, कुणी वाचेना. कुमंजाय म्हणाला, "लिहिलेलं कोण वाचतंय? मी बोलतो, तू बटणं दाब." झालं. कचेरीतला पंखा घरघर करायचा म्हणून दोघं मागच्या मुल्गाच्या झाडाखाली बसायची. तो बोलायचा, ती भरून घ्यायची. मग एनिडनं त्यात आज्ञा बसवल्या. तिरकी रेघ मारून 'पाणी' लिहिलं की कुठल्या पाणवठ्यात किती पाणी आहे ते कुमंजाय स्वतः सांगायचा. 'रस्ता' लिहिलं की रस्ता, 'आग' लिहिलं की आग. प्रत्येक फेरीनंतर तो नव्यानं बोलायचा आणि दरवेळी शेवटी काहीतरी टोमणा चिकटवायचा. माणसं रस्त्याशी काही काम नसतानाही 'रस्ता' लिहायची, केवळ त्याचं ऐकायला मिळावं म्हणून. पाच वस्त्यांच्या खिशात तो माणूस राहायला गेला.

त्याची बायको कोरल हिला ते फारसं रुचलं नव्हतं. ती नाकात बोलायची आणि जिभेला धार होती. "नणंदबाई," ती एनिडला म्हणायची, "माझा नवरा घरी आला की भिंतीसारखा गप्प. सगळं बोलणं तुझ्या त्या डबीत ओतून येतो. थोडं माझ्यासाठी शिल्लक ठेवत जा." लोक हसायचे. एनिडही हसायची, पण दोघींना माहीत होतं की त्यात निम्मंच हसणं आहे.

दुकानातून एनिड तडक सुतकाच्या तळावर गेली. वस्तीच्या पूर्वेला, ओढ्यापलीकडं ताडपत्र्या आणि घोंगड्या टाकून माणसं बसली होती. घरात कुणी राहत नव्हतं. कोरल मधोमध होती. केस कापलेले, कपाळावर आणि छातीवर पांढरी माती. नवरा गेला की तिच्या लोकांत बायकोनं बोलायचं नसतं. मोठी माणसं मोकळं करतील तोवर हातांनीच बोलायचं. धारेच्या जिभेची ती बाई आज गप्प होती. एनिड एका कडेला टेकली. बहीण म्हणून तळात तिची जागा होती, पण ती कडेचीच.

कुमंजायचा चुलता बार्नी काठी आडवी धरून बसला होता. तोच आता घरातला मोठा.

"दुकानातलं कळलं," तो म्हणाला.

"चुकलं, काका."

"तुझं काय चुकलं? तो जिता होता तोवर बोलत होता, बरंच होतं ते. आता झाडायचं. घर झाडून झालं, गाडी झाडून झाली. तुझं तेवढं राहिलंय."

"सगळंच झाडू?"

"नाव, तोंड, आवाज. आमच्या डोळ्यांवर, कानांवर काही यायला नको."

कोरलचे हात हलले. एनिडला हातांची बोली येत होती, पण उशिरा शिकलेली. तिनं नीट बघून अर्थ लावला. कोरल विचारत होती, तू स्वतः करणार, की शहरातल्या बाईला सांगणार?

"मीच करीन, वहिनी."

कोरलनं मान फिरवली. तिला बरं वाटलं की जुना राग वर आला, हे एनिडला कळलं नाही.

कचेरीत येऊन ती संगणकापुढं बसली आणि एकेक संदेश काढायला लागली. संदेशावर बोट, 'काढा', मग यंत्राचा प्रश्न, 'नक्की?', मग 'हो'. आवाज न ऐकता, नाव न वाचता, डोळे अर्धे मिटून. सकाळ अशीच गेली. चहा करून ती परत येऊन बघते तर पडद्यावर काहीच कमी झालं नव्हतं. प्रत्येक काढलेल्या संदेशाच्या जागी एक करडी ओळ उभी होती: हा संदेश काढला आहे. आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर त्याचं नाव, त्याच्या शेजारी त्याचा टोपीतला हसरा चेहरा. आधी मध्ये मध्ये बोलणं तरी होतं. आता वरपासून खालपर्यंत नाव, नाव आणि नुसतं नाव. केर काढता काढता धूळच सगळीकडं बसावी तसं झालं.

तिनं शहरातल्या ब्रॉन्विनला फोन लावला. ब्रॉन्विन ते चॅट सांभाळायची. गोरी, पण बरीच वर्षं या लोकांत वावरलेली. तिनं निरोप आल्यापासून नाव तोंडातून जाऊ दिलं नव्हतं.

"एकेक काढू नकोस, एनिड. आख्खं खातंच काढ. खातं गेलं की नाव आणि फोटो सगळीकडून आपोआप जातात. संदेश मात्र राहतील, ते मी इथून एकगठ्ठा काढते."

"खातं परत आणता येतं?"

"नाही. म्हणून बघून दाब."

एनिडनं बघून दाबलं नाही, तीच तर अडचण झाली. त्याच्या नावाकडं बघायचं नाही म्हणून तिनं डोळे बाजूला ठेवून खातं शोधलं, 'नक्की?'ला 'हो' म्हटलं, आणि खुर्चीत मागं रेलली. तिला वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीपुढं धुरळा उडवत एक गाडी थांबली. पश्चिमेच्या वस्तीतला फुटबॉलवाला गडी उतरला. नाव गेलेल्याचंच, म्हणून आता तोही कुमंजाय. तो दारात उभा राहून स्वतःचे हातपाय चाचपत म्हणाला, "आत्या, एक विचारू? मी मेलोय का?"

"असं का बोलतोस, बाबा?"

"मग माझं खातं कुठं गेलं? बायको तिच्या माहेरी आहे. तिच्या फोनवर मी दिसेनासा झालो, आणि आता ती फोनही उचलत नाही. आधीच इकडं कुमंजाय गेला म्हणून बातमी, त्यात मी गायब. तिची आई रडायला बसलीय. गावातली माणसं गाड्या काढून इकडं यायला निघालीत."

एनिडनं कपाळावर हात मारला. "अरे देवा. मग सासूला सांगायचंस की फोन करून."

"सासूशी बोलता येत असतं तर आलो असतो का एवढ्या लांब?"

तेही खरंच होतं. जावयानं सासूशी बोलायचं नाही, तिच्यासमोर यायचं नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. एनिडनं स्वतः त्या माउलीला फोन करून जावई धडधाकट आहे, समोर उभा आहे आणि बिस्किटं खातोय, असं सांगितलं. पलीकडचं रडणं थांबलं, मग जरा वेळानं हसू फुटलं. गड्याला तिनं नवं खातं काढून दिलं. नावाच्या जागी 'कुमंजाय, पश्चिम' लिहिलं. जाताना तो म्हणाला, "सासू रडली हे मात्र बरं झालं. इतकी वर्षं मला शंकाच होती."

बार्नीला ही हकिकत कळली तेव्हा त्यानं एनिडला हलक्या आवाजातच, पण चांगलं सुनावलं. जित्या माणसाला पुसायचं म्हणजे खेळ नाही, म्हणाला. एनिडनं खाली मान घालून ऐकून घेतलं. आता खरं खातं काढायचं तर पडद्याकडं सरळ बघावं लागणार होतं. ती बसली, चेहऱ्याकडं बघितलं, बोट पुढं केलं, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला.

फोन लेटिशाचा होता. कुमंजायची मुलगी, ॲडलेडला एका दवाखान्यात कामाला. तिकीट काढून निघालीच होती ती.

"आत्या, पुसलंस?"

"अजून नाही."

"नको पुसूस. माझ्यापाशी दुसरं काही नाही गं. रीत मला कळते. मी ऐकणार नाही, वर्ष-दोन वर्षं ऐकणार नाही. पण पुसलंस तर पुढं कधीच नाही. म्हातारपणी मला आवाज आठवला नाही तर मी कुणाकडं जाऊ?"

एनिड फोन घेऊन ओढ्यापलीकडं गेली आणि बार्नीच्या पुढ्यात ठेवला. मुलगी पुन्हा तेच बोलली, रडत रडत. तळावरच्या बायकाही रडायला लागल्या. बार्नी बराच वेळ वाळूत काठीनं रेघा मारत राहिला.

"पोरी," शेवटी तो म्हणाला, "बापाची गाडी आपण जाळली का?"

"नाही, आजोबा."

"काय केलं मग?"

"उत्तरेला दिली. लांबच्या माणसांना."

"का दिली? वस्तू वाईट म्हणून नव्हे. आपल्या डोळ्यांपुढं नको म्हणून. त्याची कुऱ्हाड, त्याची घोंगडी, सगळं तिकडं जाईल. जो त्याला ओळखत नाही त्याला त्याचं दुःख नाही. तो खुशाल वापरील." मग तो एनिडकडं वळला. "तो आवाज असा लांब पाठवता येतो का गं? की नुसता पुसताच येतो?"

"पाठवता येतो, काका. शहरातली बाई एका पेनड्राइव्हच्या डबीत भरून देईल. आणि तिला आपली बोली येत नाही, ऐकलं तरी कळायचं नाही."

"ठेवणार कुणाकडं?"

"माझा भाऊ आहे उत्तरेला, नदीकाठी. त्यानं कुमंजायला कधी बघितलेलंसुद्धा नाही."

सगळ्यांनी कोरलकडं बघितलं. शेवटचा शब्द तिचा. कोरलचे हात मांडीवरून उठले, हलले, परत मांडीवर आले. लेटिशाला पलीकडून काही दिसत नव्हतं. ती "आई? आई काय म्हणाली?" विचारत राहिली.

"हो म्हणाली," एनिडनं सांगितलं. कोरल आणखीही काही म्हणाली होती, ते तिनं सांगितलं नाही. कोरल म्हणाली होती, म्हणजे परत तुझ्याच माहेरी.

ब्रॉन्विननं आवाज भरून डबी उत्तरेला रवाना केली, मगच राहिलेले संदेश काढले आणि एनिडला फोन करून 'आता काढ' म्हणाली. एनिडनं या वेळी नीट बघून दाबलं. चेहरा गेला, त्याच्या जागी एक करडा गोल आला. नाव गेलं, त्याच्या जागी यंत्रानं स्वतःहून लिहिलं: काढलेला सदस्य. जिथं जिथं इतर कुणी त्याला हाक मारून काही लिहिलं होतं, तिथंही तेच. काढलेला सदस्य, चाकाला हवा आहे का? काढलेला सदस्य, रविवारी सामना आहे.

पुढं कुणी हरकत घेऊ नये म्हणून तिनं ते बार्नीला आणून दाखवलं. त्यानं डोळे बारीक करून पडद्याकडं बघितलं आणि वाचून दाखवायला सांगितलं.

"नाव घेत नाही हे यंत्र," तो म्हणाला.

"नाही घेत."

"कुणाचंच घेत नाही? गोरा गेला तरी?"

"कुणीही गेला तरी हेच लिहितं."

बार्नीनं मान डोलावली. "म्हणजे त्यांच्यातही कुमंजाय असतो तर. आणि आम्हाला वाटायचं, त्यांना काही रीतभातच नाही."

आज्ञा तिनं त्याच दिवशी उडवल्या. 'आग' गेली, 'रस्ता' गेला, 'पाणी' गेलं. प्रत्येक वेळी 'नक्की?' आणि प्रत्येक वेळी 'हो'. पण आवाज अजून लोकांच्या खिशात होताच. ज्यानं कधीकाळी ऐकला त्याच्या फोनात तो साठून राहिलेला. मग दुसऱ्या दिवसापासून एनिड दुकानाबाहेरच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. माणसं येत, फोन तिच्या हातात देत आणि तोंड फिरवून उभी राहत. ती ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरी. पडद्यावरची सगळी चित्रं थरथरायला लागत, भेदरलेल्या चिमण्यांसारखी. मग ती एकाच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टेकवी, आणि ते जाई. मग ती ते ॲप नव्यानं घालून देई, कोरं, आवाजाशिवाय.

फोन परत घेताना माणसं थांबत. नाव न घेता बोलत. एक जण म्हणाला, माझी गाडी वाळूत रुतली होती तेव्हा त्यानं मला तासभर शिव्या दिल्या आणि मग ओढून काढलं. एक म्हातारी म्हणाली, मला काही येत नव्हतं त्यातलं, नातवंडं लावून द्यायची, मी झोपताना 'पाणी' ऐकायची. कुणी कांगारूच्या शेपटीचा तुकडा आणून दिला, निखाऱ्यात भाजलेला, अजून राखेनं माखलेला. एनिड ऐकत राहिली. या सगळ्यांना काहीतरी सांगायला होतं आणि ऐकायला एनिड होती. एनिडला मात्र कुणी विचारलं नाही, तुझं काय. तिनंही कुणाला सांगितलं नाही.

सगळ्यांचे फोन झाले. एनिडचा राहिला.

उद्या करू, असं ती स्वतःला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिच्या फोनात होतं ते चॅटवरचं सगळ्यांसाठीचं बोलणं नव्हतं. ती त्यानं तिला एकटीला पाठवलेली फुटकळ बडबड होती, कितीतरी वर्षांची. एनिड, जास्तीचं चाक विसरलो. एनिड, चहा ठेव, आलोच. एनिड, टेकडीवरून बघ, पूर्वेला धूर दिसतोय का. एनिड, आज फार थकलो गं. तिनं त्यातलं काही ऐकलं नाही. तेवढी रीत तिनं पाळली. पण फोन उशाशी घेऊन झोपण्याला कुणाची मनाई नव्हती.

एका सकाळी ती कचेरीमागच्या मुल्गाच्या झाडाखाली बसलेली असताना कोरल आली. सुतकातली बाई तळ सोडून सहसा येत नाही. सोबतीला आलेली बाई लांबच उभी राहिली. कोरल एनिडच्या शेजारी वाळूत बसली आणि हात पुढं केला. दे.

"करते, वहिनी. मीच करते."

कोरलचा हात तसाच. एनिडनं फोन काढला, पण हातात दिला नाही. दोघींच्या मध्ये धरला. चित्रावर बोट दाबलं. चित्रं थरथरायला लागली. तिनं फुलीवर टेकवलं. यंत्रानं विचारलं, नक्की? यातली सगळी माहिती जाईल.

एनिडचं बोट हवेतच राहिलं. "वहिनी," ती म्हणाली, "यात तसलं काही नाही गं. चाक, चहा, धूर. एवढंच आहे. तुला वाटत असेल काही..."

कोरलनं तिला हातानं थांबवलं. मला माहीत आहे, ती म्हणाली. हात हळू हलत होते, परक्या मुलखातल्या बाईलाही कळावं म्हणून. मला चाक आणि चहासुद्धा नाही मिळाला. मला थकलेला मिळाला.

एनिडला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि आलं ते सावरता येईना. रडता रडताच तिनं 'हो' दाबलं. चित्र गेलं, बाजूची चित्रं सरकून त्या जागी आली आणि थरथर थांबली.

मग कोरलनं स्वतःच्या कपाळावरची पांढरी माती दोन बोटांनी खरवडली, थुंकीत भिजवली आणि एनिडच्या कपाळावर फासली. नीट, कडेपासून कडेपर्यंत. ती उठून चालायला लागली आणि ओढ्याशी पोचल्यावर मागं वळून बघितलं, एनिड येतेय की नाही ते. एनिड उठली आणि गेली. त्या दिवशी ती तळावर कडेला बसली नाही.

माती दिली, माणसं पांगली. पुढं पाऊस आला आणि ओढा दोन्ही काठांनी वाहायला लागला. रस्ता उघडा की बंद, सांगणारं चॅटवर कुणी नव्हतं. माणसं एनिडच्या दारात येऊन विचारायला लागली. दवाखान्याची गाडी एकदा चिखलात अडकून बसली, तेव्हा तिनं ठरवलं की आज्ञा परत बसवायच्याच. पण आवाज कुणाचा? त्याच्या जागी बसायला कुणी तयार होईना. एनिडनं त्यावर विचार केला आणि दुकानापुढं सगळ्यांना सांगितलं, "एका माणसाच्या तोंडी सगळं घालायचं नाही आता. 'पाणी' एकाचं, 'रस्ता' दुसऱ्याचा, 'आग' तिसऱ्याची. कुणी गेलं तर त्याचं तेवढंच काढता येईल."

"म्हणजे मी मेलो की पाणी बंद, रस्ता चालू?" फुटबॉलवाल्या कुमंजायनं विचारलं.

"तुला एकदा पुसलंय मी. तुला भीती कसली?"

हसण्यात ते ठरून गेलं. 'पाणी' बार्नीनं घेतलं. तो पाणवठ्याआधी त्या पाणवठ्याची सगळी वंशावळ सांगायचा, त्यामुळं तहानेल्या माणसाला बराच धीर धरावा लागायचा. 'आग' त्या फुटबॉलवाल्यानं घेतली. 'रस्ता' मात्र रिकामा राहिला. गरम दिवस गेले, थंडी आली, आणि मग एकदा घरच्या मोठ्यांनी कोरलचं तोंड मोकळं केलं. त्याच आठवड्यात ती कचेरीत आली.

"रस्ता मला दे," ती म्हणाली. इतक्या महिन्यांनी आवाज गंजल्यासारखा झाला होता, पण नाकात तसाच.

"तुला जमेल? दर फेरीनंतर नव्यानं बोलावं लागतं."

"मला बोलायला जमेल का, हे तू मला विचारतेस?"

कोरल रस्त्याबद्दल कुणाची गय करत नव्हती. बंद म्हणजे बंद, आणि वर, मागच्या वेळी कुणी ऐकलं नव्हतं तेही नावानिशी. पुढच्या पावसाळ्यात कुणी चिखलात रुतलं नाही.

एनिडनं तिलाही खातं काढून दिलं. मुल्गाखाली बसून सगळं समजावलं. संदेश कसा काढायचा, आज्ञा कशी काढायची, खातं कसं काढायचं. कोरलनं लक्ष देऊन ऐकलं.

"हे मला कशाला?"

"मी गेले तर कुणीतरी झाडायला हवं ना, वहिनी. बाकीच्यांना येत नाही."

"तू माझ्याहून लहान आहेस. मी आधी जाणार."

"तसं कुठं असतं?"

"मी आधी जाणार," कोरलनं ठासून सांगितलं. "तू मला पुसायचं. माझी डबी पण उत्तरेलाच पाठव, तुझ्या त्या भावाकडं. दोन्ही शेजारी राहू देत."

"आणि माझी?"

"तुझी कशाला पाठवायची? तू तिकडचीच, तिथं तुझा आवाज ओळखतात." मग फोन एनिडच्या हातून ओढून घेत ती म्हणाली, "दाखव परत. दाबून धरायचं म्हणालीस, ते किती वेळ?"